परदेशातलं खातं आणि सीआरएस: स्वघोषणापत्रापासून कर कार्यालयाच्या पत्राला उत्तर देईपर्यंत

कर कार्यालयाचं ते पत्र आलं तेव्हा त्यात एकच तक्ता होता. चार रकाने: वित्तसंस्थेचं नाव, खाते क्रमांक, ३१ डिसेंबरची शिल्लक, वर्षभरात जमा झालेलं व्याज. खाली एक ओळ होती, की ही माहिती तुमच्या विवरणपत्रात आढळत नाही, तरी खुलासा करावा. खातं माझंच होतं. मी देश सोडण्याच्या कितीतरी आधी आईने आणि मी मिळून उघडलेलं. त्यातला पैसा आईचा, माझं नाव फक्त सोयीसाठी. तरीही शिल्लक पूर्णच्या पूर्ण माझ्या नावावर दाखवली होती.

या एका तक्त्याचा उलगडा व्हायला मला तीन आठवडे लागले. कामासाठी, शिक्षणासाठी किंवा लग्नानंतर जे दुसऱ्या देशात जातात आणि मागे एखादं खातं ठेवून जातात, त्या प्रत्येकावर ही वेळ येऊ शकते. मी कर सल्लागार नाही. पण ही वाट दोनदा तुडवली आहे, म्हणून क्रमाने लिहिते. कायद्याचे बारकावे देशागणिक बदलतात, पण यंत्रणेचा सांगाडा सगळीकडे एकच आहे.

१. आधी माहिती कुठून कुठे जाते ते समजून घ्या

पूर्वी एखाद्या देशाला आपल्या नागरिकाचं परदेशातलं खातं तपासायचं असेल तर त्या देशाकडे नाव घेऊन, कारण देऊन माहिती मागावी लागे. ज्याच्यावर संशयच नाही त्याची माहिती मागणार कशी? २०१० मध्ये अमेरिकेने फॅटका हा कायदा केला आणि जगभरच्या बँकांना सांगितलं, की अमेरिकी खातेदारांची माहिती द्या, नाहीतर अमेरिकेतून तुम्हाला मिळणाऱ्या रकमांतून ३० टक्के कापून घेऊ. त्यानंतर जी-२० गटाच्या पाठिंब्याने ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेने सगळ्या देशांसाठी एक समान पद्धत तयार केली. तिचं नाव कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड, म्हणजेच सीआरएस. जुलै २०१४ मध्ये ओईसीडीच्या परिषदेने तिला मान्यता दिली आणि २९ ऑक्टोबर २०१४ ला बर्लिनमध्ये ५१ करप्रदेशांनी त्यासंबंधीच्या करारावर सह्या केल्या. पहिली देवाणघेवाण सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. आज शंभराहून अधिक करप्रदेश यात आहेत. हाँगकाँग किंवा जर्सी बेट हे सार्वभौम देश नाहीत, पण त्यांचा करकायदा स्वतंत्र आहे, म्हणून ‘करप्रदेश’ हा शब्द. मी सोयीसाठी ‘देश’च म्हणणार आहे.

व्याप्तीचा अंदाज यावा म्हणून सांगते: ओईसीडीच्या आकड्यांनुसार २०१८ मध्ये सुमारे ४.७ कोटी खात्यांची माहिती इकडून तिकडे गेली होती, २०२२ मध्ये ती सुमारे १२.३ कोटी खात्यांची होती. म्हणजे तुमचं खातं कुणीतरी हेरून काढलं, असं यात काही नसतं. ठरलेल्या निकषात बसणारी सगळीच खाती जातात.

वाट अशी आहे. तुमची बँक माहिती गोळा करते आणि आपल्याच देशाच्या कर कार्यालयाला देते. ते कार्यालय तुमच्या करनिवासाच्या देशाची, म्हणजे जिथे तुम्ही रहिवासी म्हणून कर भरायला बांधील आहात त्या देशाची, नोंद वेगळी काढून, सांकेतिक कुलूप लावून त्या देशाच्या कर कार्यालयाकडे पाठवतं. तिथे ती तुमच्या कर ओळख क्रमांकाशी जुळवली जाते. साधारणपणे एका कॅलेंडर वर्षाची माहिती पुढच्या वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत पोहोचते. त्यामुळे पत्र येतं ते दीड-दोन वर्षांपूर्वीच्या व्यवहारांबद्दल, आणि तोवर आपण ते विसरलेलो असतो.

जाते ती माहिती अशी: नाव, पत्ता, करनिवासाचा देश, कर ओळख क्रमांक, जन्मतारीख, काही वेळा जन्मस्थळ, खाते क्रमांक, वित्तसंस्थेचं नाव, वर्षअखेरची शिल्लक किंवा मूल्य, आणि खात्याच्या प्रकारानुसार व्याज, लाभांश, इतर उत्पन्न, रोखे विकून आलेली एकूण रक्कम. तुम्ही कुणाला कधी किती पाठवले, याची एकेक नोंद यात जात नाही.

अमेरिका सीआरएसमध्ये नाही. तिचा फॅटका वेगळा चालतो. बँकेच्या स्वघोषणापत्रावर (आपला करनिवास कोणता हे आपण सहीनिशी सांगतो तो फॉर्म) मात्र दोन्हींचे प्रश्न बहुतेक वेळा एकाच पानावर असतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

२. तुमचा करनिवास कोणता, ते कागदावर ठरवा

ही पायरी ओलांडून कुणी फॉर्मकडे जाऊ नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

सीआरएसला तुमचं नागरिकत्व नको असतं. त्याला विचारायचं असतं ते एवढंच, की कोणत्या देशाच्या कायद्यानुसार तुम्ही तिथे रहिवासी म्हणून कर भरायला बांधील आहात? पासपोर्ट एका देशाचा आणि करनिवास दुसऱ्याचा, हे अगदी सामान्य आहे. अनेक देशांत १८३ दिवसांचा निकष असतो, पण केवळ तेवढ्यावर विसंबू नका. कुठे त्याहून कमी दिवसही पुरतात, कुठे कायमचं घर पाहतात, कुठे कुटुंब आणि कामधंदा कुठे आहे ते पाहतात. ओईसीडीच्या संकेतस्थळावर आपोआप देवाणघेवाणीचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात सहभागी देशांचे करनिवासाचे नियम आणि कर ओळख क्रमांकाचा नमुना दिलेला आहे. मी सगळ्यात शेवटी तिथे पोहोचले, तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

देश बदलण्याच्या वर्षात दोन्ही देश तुम्हाला आपला रहिवासी म्हणू शकतात. त्या दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल तर त्यात क्रमाने कसोट्या असतात: कायमचं घर कुठे, वैयक्तिक आणि आर्थिक संबंध अधिक घट्ट कुठे, नेहमीचा मुक्काम कुठे, मग नागरिकत्व, आणि तरीही सुटलं नाही तर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी मिळून ठरवायचं. तुमचं उत्तर या कसोट्यांतून आलं असेल तर कोणत्या कसोटीवर आलं ते तारखेसह लिहून ठेवा. पुढे कुणी विचारलं तर आठवणीवर भिस्त ठेवावी लागत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. निवासाचा परवाना मिळाला म्हणजे करनिवास बदलला, ही समजूत पहिला खड्डा. गुंतवणुकीच्या बदल्यात निवास किंवा नागरिकत्व देणाऱ्या योजनांचा असा गैरवापर होऊ शकतो हे ओळखून ओईसीडीने २०१८ मध्ये धोक्याच्या योजनांची यादीच जाहीर केली. त्यामुळे असा कागद पुढे केला तर बँक आणखी प्रश्न विचारणारच. दुसरा खड्डा ‘मी सारखी फिरतीवर असते, माझा कुठेच करनिवास नाही’ असं मानण्याचा. काही देशांत तुम्ही निघून गेलात तरी करनिवास आपोआप सुटत नाही.

३. सगळ्या खात्यांची एक यादी करा

बचत, चालू आणि मुदत ठेवीची खाती तर असतातच. त्यांच्याशिवाय रोख्यांची आणि समभागांची खाती, फंडांमधली गुंतवणूक, रोख मूल्य साचत जाणारे विमे आणि ठरावीक काळाने रक्कम देणाऱ्या वार्षिकी योजना यांचीही माहिती जाते. थेट तुमच्या नावावर असलेलं घर किंवा जमीन हे वित्तीय खातं नाही, म्हणून ते सीआरएसमध्ये येत नाही. पण त्याचं भाडं ज्या खात्यात जमा होतं ते येतं. ठरावीक निवृत्तिवेतन खाती आणि करसवलतीच्या काही बचत योजनाही वगळल्या आहेत.

‘वगळलेलं’ म्हणजे फक्त देवाणघेवाणीतून वगळलेलं. तुमच्या देशाचा कायदा परदेशातली मालमत्ता किंवा उत्पन्न विवरणपत्रात दाखवायला सांगत असेल तर तुम्हाला दाखवावंच लागतं. हा फरक न कळल्यामुळे खूप लोक अडकतात.

‘माझ्या खात्यात आहेत किती?’ हा विचार सोडून द्या. वैयक्तिक खात्यांना सर्वसाधारण अशी किमान मर्यादा नाही. १० लाख डॉलरचा जो आकडा ऐकू येतो तो जुन्या खात्यांसाठी बँकेने किती खोल तपास करायचा, एवढ्यापुरता आहे. त्याच्या वर असेल तर कागदी दप्तरही पाहायचं आणि खातं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही विचारायचं. वर्षाच्या मध्येच बंद केलेल्या खात्याचीही ‘बंद झालं’ अशी नोंद जाते.

आभासी चलन तुमच्याकडे असेल तर तेही यादीत लिहा. त्यासाठी ओईसीडीने कार्फ नावाची वेगळी चौकट तयार केली असून तिच्याखालची पहिली देवाणघेवाण २०२७ मध्ये व्हायची आहे. सुधारित सीआरएसमध्ये इलेक्ट्रॉनिक पैशाची काही साधनंही आली आहेत.

४. स्वघोषणापत्र स्वतः भरा

नवं खातं उघडताना बँक हा फॉर्म घेतेच. जुन्या खात्यांबाबत बँक आपल्या दप्तरात खुणा शोधते: परदेशी पत्ता, परदेशी दूरध्वनी क्रमांक, परदेशातल्या खात्यात नियमित पैसे पाठवण्याची सूचना, परदेशी पत्ता असलेल्या माणसाला दिलेलं मुखत्यारपत्र. खूण सापडली की पत्र येतं. माझ्या बाबतीत ती खूण म्हणजे मी मोठ्या विश्वासाने बदलून घेतलेला मोबाइल क्रमांक होता.

फॉर्म उघडण्याआधी हे जवळ घ्या:

- पासपोर्ट किंवा सरकारी ओळखपत्र, ज्यावरचं नाव खात्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळतं
- सध्याच्या राहत्या पत्त्याचा पुरावा
- करनिवास असलेल्या प्रत्येक देशाचा कर ओळख क्रमांक, मूळ कागदावरून
- मिळत असेल तर कर कार्यालयाचं करनिवास प्रमाणपत्र
- देशात आल्या-गेल्याच्या तारखांची यादी
- दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेलं तुमचं टिपण

आता रकान्यांकडे या. पत्ता राहता हवा. टपालपेटीचा किंवा ‘यांच्यामार्फत’ असा पत्ता दिला तर तो बँकेसाठी आणखी एक खूण ठरू शकतो. करनिवासाच्या रकान्यात एकापेक्षा जास्त देश लिहिता येतात. दोन देश खरे असतील तर दोन्ही लिहा. कर ओळख क्रमांक उतरवताना एकेक आकडा बोट ठेवून तपासा. एक आकडा चुकला तर तुमची नोंद तिकडे जाऊन कुणाशीच जुळत नाही, किंवा चुकीच्या ठिकाणी जुळवली जाते.

क्रमांक नसेल तर कारण निवडायचं असतं. नमुना फॉर्ममध्ये अ, ब, क अशी तीन कारणं असतात: तो देश असा क्रमांक देतच नाही, मला तो मिळू शकलेला नाही, किंवा त्या देशाच्या कायद्यानुसार तो घेण्याची गरज नाही. ‘क्रमांक आत्ता शोधायला वेळ नाही’ म्हणून ‘ब’ वर खूण करू नका. ‘ब’ निवडलं की ते का, याचा खुलासाही लिहावा लागतो, आणि खाली तुमची सही असते.

माझी चूक इथेच झाली. नव्या देशात पोहोचून पंधरा दिवस झाले होते, पगारासाठी खातं हवं होतं. समोरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहून करनिवासाचा रकाना आधीच भरला आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी सही केली. त्या एका शब्दामुळे माझ्या पगाराच्या खात्याची माहिती पुढची दोन वर्षं जुन्या देशाकडे जात राहिली, जिथे मी तोवर करनिवासी उरलेच नव्हते. तिथूनही विचारणा झाली, तीही जुन्या पत्त्यावर. म्हणून कळकळीने सांगते, दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवर सही करू नका. बँकेला तुम्हाला कर सल्ला देता येत नाही, आणि सही तुमची असल्यामुळे जबाबदारीही तुमचीच. खोटं स्वघोषणापत्र दिलं तर दंडाची तरतूद असते.

फॉर्म आलाच नाही असं समजून बाजूला टाकू नका. नव्या खात्यावर व्यवहार थांबवले जाऊ शकतात. जुन्या खात्याबाबत तुम्ही उत्तर दिलं नाही, तर बँकेला ज्या ज्या देशाची खूण सापडली त्या प्रत्येक देशाची रहिवासी समजून ती तुमची माहिती पाठवते.

फॅटकाचा भाग वेगळा वाचा. अमेरिका नागरिकत्वावरूनही कर आकारते. त्यामुळे तुमचं नागरिकत्व अमेरिकी असेल किंवा तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्ही राहत कुठेही असा, तिथे ‘होय’च लिहायचं.

भरलेल्या फॉर्मची प्रत आणि पोच घ्या. माझ्याकडे पहिल्या फॉर्मची प्रत नव्हती. चूक कुठे झाली हे शोधण्यातच महिना गेला.

५. खातं कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असेल तर

तर सल्लागार घ्या, हे माझं स्पष्ट मत. थोडक्यात एवढंच, की ज्या संस्थेचं उत्पन्न मुख्यतः व्याज, लाभांश, भाडं अशा स्वरूपाचं आहे, तिच्या मागची नियंत्रण असणारी माणसं शोधली जातात. कंपनीत साधारणपणे २५ टक्क्यांहून जास्त मालकी असलेली माणसं यात येतात. ट्रस्टमध्ये तो स्थापन करणारा, विश्वस्त, लाभार्थी, सगळेच येतात. घरच्या ट्रस्टमध्ये लहानपणी कुणी तुमचं नाव लाभार्थी म्हणून घातलं असेल तर आत्ताच विचारून घ्या.

६. काही बदललं की कळवा

देश, राहता पत्ता किंवा करनिवास बदलला की बँकेला नवं स्वघोषणापत्र द्या. मुदत तुमच्या फॉर्मवरच लिहिलेली असते, बऱ्याच ठिकाणी ती ३० दिवसांची असते. देश बदलण्याआधीच बँकांची यादी करून ठेवली तर हे काम एका संध्याकाळचं आहे.

७. विवरणपत्रातले आकडे जुळवून पाहा

कर कार्यालयाकडे आलेला आकडा आणि तुमचा आकडा प्रामाणिकपणे भरूनही वेगळे असू शकतात. कारणं माहीत असली की भीती वाटत नाही.

संयुक्त खातं हे पहिलं कारण. सीआरएसच्या नियमानुसार प्रत्येक खातेदाराच्या नावावर संपूर्ण शिल्लक धरली जाते, अर्धी किंवा तिसरा हिस्सा नाही. माझ्या पत्रातला तो मोठा आकडा असा आला. आई त्याच देशात राहणारी, म्हणून तिची माहिती कुठे गेली नाही. माझी गेली, आणि पूर्ण गेली.

दुसरं कारण वर्षाचं. माहिती बहुतेक ठिकाणी जानेवारी ते डिसेंबरची जाते. तुमचं करवर्ष एप्रिलमध्ये किंवा जुलैमध्ये सुरू होत असेल तर एका अहवालातलं व्याज तुमच्या दोन विवरणपत्रांत विभागलेलं असणार. मग बँकेकडून तारीखवार व्याजाचा उतारा घ्या आणि दोन्ही वर्षांचे तुकडे वेगवेगळे मांडा.

तिसरं, व्याज कर कापण्याआधीचं कळवलं जातं. समजा १,००० व्याज झालं आणि १०० कर कापून ९०० तुमच्या खात्यात आले. तुम्ही पासबुकात पाहून ९०० लिहिता, कर कार्यालयाला दिसतात १,०००. विवरणपत्रात १,००० दाखवा आणि कापलेल्या १०० ची सवलत दुहेरी करआकारणीच्या करारानुसार मागा. त्यासाठी कर कापल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते वेळेत मागितलं नाही तर मिळवताना दमछाक होते.

आणि चलन. रकमेसोबत ती कोणत्या चलनात आहे ते कळवलं जातं. रूपांतराचा दर तुमच्या देशाचा कायदा सांगेल तोच वापरा आणि तो कुठून घेतला ते टिपून ठेवा.

शिल्लक म्हणजे उत्पन्न नव्हे, हेही लक्षात असू द्या. मोठी शिल्लक पाहून प्रश्न येतो, पण कर लागतो तो उत्पन्नावर, आणि काही देशांत संपत्तीवर. ती शिल्लक कशी साठत गेली हे दाखवता आलं पाहिजे.

८. पत्र आलंच तर

पत्र खरं आहे का ते आधी पाहा. त्यातल्या दुव्यावर जाऊ नका. कर कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्या नेहमीच्या खात्याने आत शिरा आणि तिथे ती नोटीस दिसते का ते बघा. मग तीन गोष्टी शोधा: वर्ष कोणतं, खातं कोणतं, उत्तराची मुदत कधीची. कागद परदेशातून यायचे असतील तर मुदत संपण्याआधीच वाढवून मागा.

घाबरून खातं बंद करू नका किंवा पैसे हलवू नका. माहिती आधीच पोहोचलेली असते, बंद केल्याचीही नोंद जाते, आणि तुमच्या उत्तरासाठी लागणारे उतारे बंद खात्यातून मिळवणं कठीण होतं.

उत्पन्न दाखवायचं खरोखरच राहून गेलं असेल तर तसं सांगा आणि सुधारित विवरणपत्र भरा. अनेक देशांत स्वतःहून पुढे आलेल्याला दंडात सवलत असते, पण पत्र आल्यावर तो दरवाजा बहुधा अरुंद होतो. म्हणून जुनी खाती आठवत असतील तर पत्राची वाट पाहू नका. चूक बँकेची असेल तर कर कार्यालयाला तसं कळवा, आणि बँकेकडे दुरुस्त अहवाल पाठवण्याची लेखी मागणी करा. दुरुस्तीही त्याच वाटेने, बँकेकडून तिथल्या कर कार्यालयाकडे आणि तिथून इकडे येते, त्यामुळे वेळ लागतो. तोवर मागणीच्या पत्राची प्रत हाच तुमचा पुरावा.

मी उत्तरासोबत चार कागद जोडले: खातं उघडतानाचा अर्ज, आईच्या निवृत्तिवेतनातून रकमा जमा झाल्याचे पाच वर्षांचे उतारे, त्याच व्याजाची नोंद असलेलं आईचं विवरणपत्र, आणि पैसे तिचे असल्याचं तिचं सहीचं निवेदन. चार महिन्यांनी प्रकरण बंद झाल्याचं कळवण्यात आलं. सगळीकडे असंच होईल असं नाही. काही देशांत संयुक्त नाव म्हणजे निम्मा वाटा असं आधी गृहीत धरतात आणि उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

ते खातं अजून आहे, आणि त्याची माहिती दर वर्षी जाते. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ३१ डिसेंबरचा उतारा आणि व्याजाचं प्रमाणपत्र उतरवून घेते, आईच्या विवरणपत्राची प्रत मागवते, आणि तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवते. फोल्डरच्या नावात वर्ष लिहिलेलं असतं.